पाच मिनिटांची खरी गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शाळेत असताना एकदा पंधरा ऑगस्टला दोन वाक्ये पाठ करून बोलायला उभी राहिले होते, त्यांतले दुसरे वाक्य ऐनवेळी विसरले. त्यानंतर भाषणाला उभी राहते आहे ती आजच. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही भाषण करूच नका. आपल्या खऱ्या गोष्टीच्या संध्याकाळी कशा सुरू झाल्या आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, तेवढे सांगा." ते मला ठाऊक आहे, म्हणून धीर केला. आज मला पाच मिनिटांहून जास्त वेळ मिळाला आहे. पण घंटा काही कोणी उचलून ठेविली नाही, ती समोर दिसते आहे.

ज्या आज नव्याने आल्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आपण देवळाच्या सभामंडपात जमतो. महिनाभर आधी फळ्यावर एक विषय लिहिलेला असतो. तो एकाच शब्दाचा असतो; 'किल्ली', 'उशीर', 'पाहुणे', असा. जिला बोलायचे असेल ती आपले नाव चिठ्ठीवर लिहून परडीत टाकते. सहा चिठ्ठ्या काढतात. जिची चिठ्ठी निघेल तिने उठायचे आणि पाच मिनिटांत एक गोष्ट सांगायची. गोष्ट खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे, आणि तोंडी पाहिजे. हातात कागद घ्यायचा नाही. पाच मिनिटे झाली की पूजेची घंटा वाजते, मग अर्ध्या मिनिटात आवरते घ्यायचे. शेवटी चहा. खर्च काय तो दूध-साखरेचा.

ही कल्पना मुळात आपली नव्हे, हे आधीच कबूल करते. आमची थोरली पुण्याला नोकरीला आहे. २०२३ च्या दिवाळीला ती घरी आली, तेव्हा करंज्या लाटताना तिने मोबाईलवर इंग्रजीत काहीतरी लावले होते. एकच माणूस बोलत होता. मध्येच पुष्कळ लोक खळखळून हसत, आणि मग एकाएकी सगळे चिडीचूप होत. मला इंग्रजी येत नाही, पण ती शांतता मला कळली. मी विचारले, "कीर्तन आहे काय गं?" ती हसली, आणि थांबवून थांबवून सगळे मला मराठीत सांगत गेली.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात 'द मॉथ' नावाची एक संस्था आहे. मॉथ म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. जॉर्ज डॉज ग्रीन नावाच्या एका कादंबरीकाराने १९९७ साली ती सुरू केली. हे गृहस्थ मूळचे जॉर्जिया राज्यातले. तिकडे समुद्रातल्या एका बेटावर, उन्हाळ्याच्या रात्री एका मैत्रिणीच्या घराच्या ओसरीवर मित्रमंडळी जमत आणि एकेक जण आपल्या आयुष्यातली गोष्ट सांगे. ओसरीच्या जाळीला भोक पडलेले होते, त्यातून पतंग आत येऊन दिव्याभोवती फिरत. पुढे न्यूयॉर्कला राहू लागल्यावर ग्रीनना त्या ओसरीची आठवण येई. म्हणून त्यांनी पहिली बैठक आपल्याच घराच्या दिवाणखान्यात भरविली, आणि त्या पतंगांवरून संस्थेला नाव दिले. आता अनेक शहरांत त्यांच्या संध्याकाळी होतात, आणि २००९ पासून तिकडच्या रेडिओवरही त्या गोष्टी ऐकवितात. त्यांच्या स्पर्धेच्या रात्री विषय आधी जाहीर असतो, दहा जणांची नावे चिठ्ठ्यांनी काढतात, प्रत्येकाला पाच मिनिटे देतात, आणि प्रेक्षकांतलीच माणसे परीक्षक होऊन गुण देतात. बोलणारा नट नसतो, लेखकही असायलाच पाहिजे असे नाही. कोणी शिक्षक, कोणी गाडी चालविणारा, कोणी घरातली बाई.

हे ऐकून मी थोरलीला म्हटले, "अगं, हे तर आपल्या जात्यासारखे झाले!" माझी आजी पहाटे जात्यावर बसे. सासरचा जाच, माहेरचा भाऊ, गेलेले लेकरू, सगळे ती ओवीत सांगे, आणि खुंट्याला दुसरा हात लावणारी जाऊ ते ऐके. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आहेत. म्हणजे बायकांना सांगायचे किती होते पाहा. पुढे पिठाची गिरणी आली. बरेच झाले, दळणाचे कष्ट कोणाला हवेत? पण जात्याबरोबर ती सांगण्याची जागाही गेली.

गोष्टी आपल्याला काही कमी नाहीत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी ठिकठिकाणी कथाकथन करून लोकांची पोटे दुखेपर्यंत हसविले. पण त्या लेखकांनी रचलेल्या कथा. श्रावणात आपण कहाण्या वाचतो. त्यांत एक राजा असतो, त्याला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. नावडतीचे दुःख आपण दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. आपल्या गल्लीतल्या नावडतीला मात्र कोणी म्हणत नाही, की बस, तू तुझी कहाणी सांग.

थोरली पुण्याला गेल्यावर मी हे मंडळात बोलले, आणि त्याच नोव्हेंबरात आपली पहिली संध्याकाळ झाली. तेवीस जणी आल्या. परडीत चिठ्ठ्या पडल्या दोन! बाकी सगळ्यांचे म्हणणे एकच, "आमच्या आयुष्यात सांगण्याजोगे काय घडले आहे?" पहिल्या भगिनीने उठून आपल्या शेजारणीच्या नणंदेची गोष्ट सुरू केली, ती चिटणीसबाईंनी थांबविली. दुसऱ्याची गोष्ट सांगायला आपल्याला शिकवावे लागत नाही, ती नळावर रोज चालते. अवघड आहे ती स्वतःची.

दुसरी चिठ्ठी आपल्यातल्या सर्वांत वडील आजींची होती. त्यांनी साठी उलटल्यावर नातवाकडून सही करायला शिकून घेतली, आणि बँकेत पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवसाची गोष्ट सांगितली. घाईत नावातला एक काना राहिला. कारकून म्हणाला, "आजी, हे नाव तुमचेच ना?" आजी म्हणाल्या, "नाव माझंच हाय, काना तेवढा तू लाव." सगळा मंडप हसला. मग आजी थोडे थांबून म्हणाल्या, "मालक असते तर त्यास्नी दावली असती सही." तेव्हा मंडपात जी शांतता झाली, ती मी मोबाईलमध्ये ऐकलेली शांतता होती. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या पडल्या अकरा.

हळूहळू आम्ही काही गोष्टी शिकलो. पाच मिनिटांत जन्मापासूनची हकीगत मावत नाही, एकच दिवस मावतो. 'मी खूप सोसले' असे म्हटले तर ऐकणारीला काही दिसत नाही. पावसात भिजलेल्या गोवऱ्या आणि घरात आलेले सहा पाहुणे सांगितले की सगळे दिसते. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पक्के करून यावे, मधले आपोआप येते. त्या दिवशी आपले काय जाणार होते, अब्रू, पैसा, नोकरी, की कोणाची माया, तेही सांगावे. ते कळले नाही तर ऐकणारीचा जीव टांगणीला लागत नाही.

अमेरिकेतल्यासारखे गुण देण्याचा प्रकारही आम्ही तीन वेळा करून पाहिला. दोघी जुन्या मैत्रिणी अर्ध्या गुणावरून महिनाभर एकमेकींशी बोलेनात, तेव्हा तो बंद केला. ज्या बाईने आपल्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली तिला दहापैकी साडेसात कसे द्यायचे?

आता ज्या गोष्टीसाठी मी खरी उभी राहिले आहे, ती सांगते. तीत माझी चूक आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतला विषय होता 'पाणी'. सांगलीतल्या बाईला पाण्यावर बोलायला काय कमी? २००५ चा पूर आपल्याला आठवतो. २०१९ च्या ऑगस्टचा तर विसरायचा म्हटले तरी विसरत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. गावभागातले आमचे घर जुने, खाली दोन खोल्या आणि वर माळा. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागले, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. दुसऱ्या दिवशी बोट आली.

माझी चिठ्ठी निघाली, आणि मी त्या बोटीची गोष्ट सांगितली. ती अशी. बोटीवरचा जवान ओरडून सांगत होता, सामान घेऊ नका, फक्त माणसे. सगळे चढले. आमच्या सासूबाई काही चढेनात. पदराखाली त्यांनी काहीतरी घट्ट धरले होते. जवानाने पाहिले तर लोणच्याची बरणी! पाच शेरांची, चिनीमातीची, तोंडाला दादरा बांधलेली. जवान म्हणाला, "आजी, बरणी ठेवा." सासूबाई म्हणाल्या, "मग मी बी ऱ्हाते." इकडे पाणी वाढते आहे, धाकटी रडते आहे, हे हात जोडत आहेत, आणि सासूबाई बरणीला मिठी मारून उभ्या. शेवटी जवानानेच कपाळाला हात लावला आणि बरणीसकट त्यांना उचलून बोटीत ठेविले. मी हे सगळे नक्कल करून सांगितले. सासूबाईंचा आवाज काढला, जवानाचा कपाळाला लावलेला हात दाखविला. शेवटी म्हणाले, "अशा रीतीने आमच्या घरातले लोणचे पुरातून वाचले, आणि त्याच्याबरोबर आम्हीही." मंडप हसून हसून लोटपोट झाला. घंटा वाजायच्या आत मी खाली बसले. माझ्याइतकी खूष त्या दिवशी गावात कोणी नसेल.

सासूबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

घरी येताना त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनी पानात लोणचे घेतले नाही. मला वाटले, खोकला असेल. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दरम्यान गोष्ट मंडपाबाहेर पसरली, आणि गल्लीतली पोरे त्यांना 'बरणीआजी' म्हणू लागली. आठ दिवसांनी मी भाजी घेऊन आले, तो अंगणात ती बरणी धुऊन उन्हात पालथी घातलेली. आतले लोणचे काचेच्या दोन बाटल्यांत भरून ओट्यावर ठेविले होते. मी विचारले, "आत्याबाई, बरणी का रिकामी केली?" त्या म्हणाल्या, "जड हुती." एवढेच.

मार्चचा विषय फळ्यावर आधीच लागला होता, 'ओझे'. मी चिठ्ठी टाकली नव्हती. तिसरी चिठ्ठी निघाली, आणि चिटणीसबाईंनी नाव वाचले ते आमच्या सासूबाईंचे. मी चमकून मागे पाहिले. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी ती चिठ्ठी माझ्या धाकटीकडून लिहून घेतली होती, आणि त्या कार्टीने मला ताकास तूर लागू दिला नव्हता.

सासूबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांचे शब्द मला जसे आठवतात तसे सांगते.

"मागल्या बारीला माझ्या सुनंनं बरणीची गोष्ट सांगितली. ती खोटी न्हाई. पर ती तिची गोष्ट हुती. आता माझी ऐका.

"बहात्तर सालच्या दुष्काळात मी पंधरा वर्साची. आमचं गाव आटपाडीकडं. विहिरी आटल्या, जनावरं गेली. आई खडी फोडायला जायची, तिच्या संगं मी बी जायची. खायाला लाल ज्वारी मिळायची, अमेरिकेची. मिलो म्हनायचे तिला. त्या भाकरीला कसली चवच न्हवती, घशाखाली उतरायची न्हाई. घरात येकच चीज हुती, आदल्या सालच्या लोणच्याची बरणी. आई रोज येक फोड काढायची. आमी चार भावंडं. फोड खायाची न्हाई, भाकरीला लावायची आन् फुडच्याला द्यायची. शेवटी ज्येच्याकडं यील त्यानं खायाची. रोज पाळी बदलायची. तशी ती बरणी आईनं साताठ म्हैनं पुरवली.

"आई गेली तवा भावांनी जमीन वाटून घेतली. मला इचारलं, तुला काय पायजे. म्या बरणी मागितली.

"बोटीत मानसं सोनं घिऊन बसली हुती. कागदं घिऊन बसली हुती. त्यास्नी कुनी हसलं न्हाई. मी उपाशी घरातली हाय. पानी आलं तवा म्या खायाचं उचाललं.

"फुडं शाळंत ऱ्हायला जागा दिली, तितं आट दीस हुतो. सकाळ-संध्याकाळ खिचडी मिळायची. देनाऱ्याचं भलं हुवो. पर चौथ्या दिशी पोरं खिचडीला तोंड लावंनात. तवा म्या दादरा सोडला. आमच्या खोलीत किती मानसं हुती, ते मला मोजता येत न्हाई." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सुने, तूच सांग."

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "बेचाळीस."

"सगळ्यांस्नी फोड मिळाली का?"

"मिळाली."

"रोज?"

"रोज."

"झाली माझी गोष्ट," त्या म्हणाल्या, आणि घंटेकडे बघून त्यांनी विचारले, "वाजली न्हाई का अजून?" घंटा ज्यांच्या हातात होती त्या डोळे पुसत होत्या.

मैत्रिणींनो, मी फेब्रुवारीत एकही खोटे वाक्य बोलले नव्हते. जवान, बरणी, पाण्याच्या पायऱ्या, सगळे जसेच्या तसे होते. पण त्या शाळेच्या खोलीत मीही होते. बेचाळीस पानांवर फोड वाढताना डाव माझ्याच हातात होता. तेवढे मी गाळले. पाच मिनिटांत बसत नव्हते हे एक कारण, आणि खरे कारण हे, की ते सांगितले असते तर हसू आले नसते. मला हशा हवा होता. दुष्काळाचे मला ठाऊक नव्हते. पण लग्नाला वीस वर्षे होऊन गेली तरी मी कधी विचारले नव्हते, की आत्याबाई, ही बरणी कोणाची?

माझी बाजूही एवढी सांगते, की त्या दिवशी बोटीजवळ मला हसू येत नव्हते, मी भीतीने अर्धी झाले होते. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. जास्तीचे ओझे घेऊ नका, असे तो जवान उगाच सांगत नव्हता. मी सासूबाईंवर रागावले होते ते खरे होते, आणि त्यांनी बरणी सोडली नाही तेही खरे होते. पण मंडपात मी माझी भीती सांगितली नाही, त्यांची भूकही सांगितली नाही. दोन्ही लपवून फक्त गंमत सांगितली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी आपल्या मंडळाच्या कपाटातून नेऊन वाचली. त्यांत त्या किती हसवितात! पण पहिल्यांदा त्या स्वतःला हसतात. मी दुसरीला हसले आणि स्वतः शहाणी राहिले. तिथे माझे चुकले.

सासूबाईंनी मला माफ केले असे त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही. बरणी दुसऱ्या दिवशी फळीवर परत आली. मे महिन्यात कैऱ्या आल्या, तेव्हा मीठ मोजून घालायचे काम त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे दिले. पोरे अजून 'बरणीआजी'च म्हणतात. आता त्या ओ देतात.

त्यानंतर मंडळाची बैठक झाली, आणि आपण काही नियम केले. ते ऐकायला सोपे वाटतात, पण एकेकावर दोन-दोन तास वाद झाला आहे.

पहिला नियम असा. आपल्या गोष्टीत घरातले किंवा शेजारचे हयात माणूस येत असेल, तर आधी त्याला विचारायचे. नको म्हणाले तर दुसरी गोष्ट सांगायची. यावर आपल्यातलीच एक तरुण भगिनी उठून म्हणाली, "आणि नवरा मारत असेल तर? त्यालाही विचारायचे?" सगळ्या गप्प झाल्या. तिचे म्हणणे रास्त होते. नुसती परवानगी-परवानगी करत बसलो, तर ज्या गोष्टींसाठी अशी जागा हवी त्याच दाबल्या जातील. त्या दाबायला माणसे आधीच टपलेली आहेत. शेवटी आपण असे ठरविले, की ज्याच्यावर मंडप हसणार असेल, त्याला विचारा. ज्याने तुम्हाला रडविले, त्याला विचारण्याची गरज नाही. मात्र तशी गोष्ट खुल्या मंडपात नको. त्यासाठी दर महिन्याच्या चौथ्या बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत दार लावून बसायचे. तिथे घंटा नाही आणि विषयही नाही. खोलीतल्या फळ्यावर १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक कायमचा लिहून ठेविला आहे, तो पुसू नये.

दुसरा नियम, मंडपातली गोष्ट मंडपात. चहा पिऊन झाला की गोष्ट जिची तिच्या ओच्यात परत. नळावर, भिशीत, लग्नाच्या पंगतीत ती काढायची नाही. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि मोडणाऱ्यांत मीही एकदा सापडले आहे. दंड म्हणून त्या महिन्याचा चहा मी केला.

तिसरा नियम ऐकणारीसाठी. गोष्ट संपली की लगेच "अगं, तू असे करायचे होतेस" असे म्हणायचे नाही. "आमच्याकडे तर याहून वाईट झाले" असेही म्हणायचे नाही. घटकाभर गप्प बसायचे. एकजण सांगते आणि तीस जणी गप्प बसून ऐकतात, हे तिच्या वाट्याला रोज येत नाही. घरात आपण बोलतो तेव्हा कोणाची दाढी चाललेली असते, कोणाच्या कानात मोबाईलची बोंडे असतात, आणि आपण स्वतः कणीक मळत असतो. इथे पाच मिनिटे सगळ्यांची तोंडे तिच्याकडे असतात.

या संध्याकाळींनी काय साधले, असे आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारले. त्यांचे म्हणणे, मंडळाने शिवणवर्ग चालवावेत, त्यातून चार पैसे तरी मिळतात. शिवणवर्ग आपण चालवितोच. पैसे मिळाले नाहीत हेही खरे. पण मी त्यांना एवढे सांगितले, की माझ्या घरात एक बाई इतकी वर्षे माझ्यासमोर जेवत होती, आणि ती लोणच्याची फोड आधी भाकरीला लावून मग बाजूला का ठेविते, हे मला या मंडपात कळले. त्यांनी मान हलविली. पटले की नाही ते ठाऊक नाही. पण गेले तीन महिने ते देवळाच्या कट्ट्यावर बसून ऐकतात.

येत्या शनिवारचा विषय आहे 'उंबरा'. ज्यांनी अजून चिठ्ठी टाकली नाही त्यांनी जरूर टाकावी. माझ्या आयुष्यात काही घडले नाही, असे म्हणू नये. घडलेले असते. कोणी विचारलेले नसते. आणि घरात एखादी म्हातारी असेल, तर तिला संगतीला घेऊन या. आपण तिच्याविषयी जे हसत सांगतो, त्याची तिच्याजवळची बाजू एकदा ऐकून घ्या. तिचे तोंड मिटायच्या आत.

आजची ही गोष्ट सांगण्यापूर्वी मी नियमाप्रमाणे सासूबाईंना विचारले. त्या अंथरुणावर बसून माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "सांग की. पर बेचाळीस म्हनायचं इसरू नगंस."

विसरले नाही.  घंटा वाजायच्या आत मी माझे चार शब्द संपविते.